कोड वाचताना नजर कुठे जाते?

गोव्यातल्या शाळांत सहावीपासून कोडिंग आलं, हे फार चांगलं झालं. मुलं प्रोग्रॅम लिहितात, चालवतात. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम वाचायला मात्र त्यांना क्वचितच बसवलं जातं. अडलं की सल्ला ठरलेला: 'पहिल्या ओळीपासून नीट वाच.' एवढ्याने भागत नाही, हे नजरेचा माग घेणाऱ्या उपकरणाने दाखवून दिलं आहे.

वाचताना डोळा सरकत नाही, उड्या मारतो. साधारण पाव सेकंद थांबतो, मग पुढची उडी. स्पष्ट दिसतो तो फक्त मधला दोनेक अंशांचा भाग. त्यामुळे डोळा कुठे थांबला ते कळलं, की काय वाचलं जातंय तेही बरंचसं कळतं.

हे मोजण्याची युक्ती मला फार सुंदर वाटते. पडद्याखालून डोळ्यांवर न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतात. बुबुळावरच्या पारदर्शक पटलावर त्याचा एक चमकता ठिपका उमटतो. डोळा फिरला की बाहुलीचा मध्य बराच हलतो, ठिपका मात्र फारसा हलत नाही, कारण ते पटल जवळजवळ गोलाकार आरशासारखं असतं. या दोहोंमधलं अंतर आणि दिशा म्हणजे नजर. डोकं किंचित हललं तर दोन्ही बरोबरच सरकतात, म्हणून फरक जवळपास तसाच राहतो. प्रत्येकाच्या डोळ्याची ठेवण वेगळी, म्हणून आधी पडद्यावरच्या पाच किंवा नऊ ठरावीक बिंदूंकडे बघायला लावून या फरकावरून पडद्यावरची जागा सांगणाऱ्या समीकरणाचे सहगुणक काढतात. तरीही अर्ध्या-एक अंशाची चूक उरते. साठ सेंटिमीटरवरून एक अंश म्हणजे पडद्यावर सुमारे एक सेंटिमीटर, म्हणजे कोडची शेजारची ओळ! म्हणून अशा प्रयोगांत अक्षरं मोठी आणि ओळी विरळ ठेवाव्या लागतात.

संशोधक टेरेसा बुसयान आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवलं की नवशिके कोड गोष्टीच्या पुस्तकाइतका सरळ वाचत नाहीत, आणि जाणकार तर त्याहूनही कमी सरळ वाचतात. पुढे संशोधकांनी जाणकाराच्या नजरेचं चित्रीकरण, कोडवर फिरणारा ठिपका, वर्गात मुलांना दाखवूनही पाहिलं.

यावरून 'यंत्र मन वाचतं' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एका ओळीवर नजर रेंगाळली ती गोंधळामुळे की कुतूहलामुळे, हे मुलालाच विचारावं लागतं. आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे 'मिडब्रेन'चे वर्ग ही तर शुद्ध फसवणूक आहे. तिथली मुलं नाकाजवळच्या फटीतून बघतात.

शाळेत हे उपकरण नसलं तरी शिक्षकाला फळ्यावर चार ओळी लिहिता येतात: बेरीज शून्य; क एक ते तीन (आधी एक, मग दोन, मग तीन); बेरजेत क मिळव; बेरीज छाप. मुलाने बोट ठेवत वाचावं. बोट दुसऱ्या-तिसऱ्या ओळींत तीनदा फिरून मग चौथीवर आलं, तर उत्तर सहा येईल. सरळ खाली उतरलं, तर एक.