आयर्लंडचे जगप्रसिद्ध खेळाडू

आयरिश खेळाडूंपैकी जगभर ओळखली जाणारी आजची दोन मोठी नावे म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्समधला (ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेल्या लढतींतला) कॉनर मॅकग्रेगर आणि गोल्फपटू रोरी मॅकिलरॉय. जुन्या पिढीच्या ओठांवर आधी फुटबॉलपटू जॉर्ज बेस्ट येतो. या तिघांपैकी दोघे उत्तर आयर्लंडचे, म्हणजे युनायटेड किंग्डमच्या हद्दीतले. त्यामुळे यादी करण्याआधी आयरिश कोणाला म्हणायचे, हे ठरवावे लागते.

त्याचे उत्तर खेळागणिक बदलते. रग्बी आणि क्रिकेटमध्ये अख्ख्या बेटाचा एकच संघ असतो. फुटबॉलमध्ये दोन आहेत: बेलफास्टची संघटना १८८० सालची, तर डब्लिनची १९२१ मध्ये तिच्यातून फुटून निघालेली. ऑलिंपिकसाठी उत्तरेतला खेळाडू ब्रिटन किंवा आयर्लंड यांतून एक निवडू शकतो. मॅकिलरॉय टोकियो आणि पॅरिसला आयर्लंडकडून खेळला.

मॅकिलरॉयचा जन्म १९८९ चा, बेलफास्टजवळच्या हॉलिवूड गावातला (अमेरिकेतल्या चित्रनगरीशी या गावाचे काही नाते नाही). गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो. चार सर्वांत मोठ्या गोल्फ स्पर्धांपैकी एक असलेल्या मास्टर्समध्ये २०११ साली शेवटच्या दिवशी तो चार फटक्यांनी पुढे होता. दहाव्या होलवर पहिलाच फटका डावीकडे वळून झाडाला लागला आणि चेंडू थेट निवासी बंगल्यांपाशी गेला. चार फटक्यांच्या त्या होलला त्याला सात लागले. बाराव्यावर होलजवळचे हलके फटके (पट) त्याला चार लागले आणि दिवसाअखेर आकडा ८० वर गेला. दोनच महिन्यांनी त्याने यूएस ओपन आठ फटक्यांच्या फरकाने जिंकली. २०१४ पर्यंत उरलेल्या तीन मोठ्या स्पर्धांत मिळून चार विजेतेपदे जमा झाली, मास्टर्स मात्र हुलकावणी देत राहिली. १३ एप्रिल २०२५ रोजी, मास्टर्सच्या शेवटच्या दिवशीही पहिल्या होलवर दोन फटके जास्त गेले, तेराव्यावर सोपा चेंडू ओढ्यात पडला, अठराव्यावर छोटा पट हुकला. अखेर बरोबरीत असलेल्या जस्टिन रोझविरुद्धच्या निर्णायक जादा फेरीच्या (प्लेऑफ) पहिल्याच होलवर त्याने बर्डी करून, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेऊन सामना संपवला. चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारा तो सहावा पुरुष ठरला.

मॅकग्रेगरची प्रसिद्धी अशी दीर्घ नाही, ती स्फोटासारखी आहे. डिसेंबर २०१५ मध्ये लास व्हेगासला जोसे आल्डो हा दहा वर्षे न हरलेला विजेता डाव्या हुकसाठी पुढे झेपावला. मॅकग्रेगरने किंचित मागे सरकत डाव्या हाताचा सरळ ठोसा दिला आणि लढत १३ सेकंदांत आटोपली. पुढच्या वर्षी ६५.८ आणि ७०.३ किलो या दोन वजनगटांची यूएफसी (या खेळाची सर्वांत मोठी संघटना) विजेतेपदे एकाच वेळी बाळगणारा तो पहिला ठरला. २०१७ च्या बॉक्सर फ्लॉइड मेवेदरविरुद्धच्या बॉक्सिंग लढतीत तो दहाव्या फेरीत हरला, पण हा खेळ न पाहणाऱ्यांनाही त्याचे नाव त्या लढतीमुळेच कळले. २०२१ मध्ये लढतीतच त्याच्या पायाचे हाड मोडले. २०२४ मध्ये डब्लिनच्या उच्च न्यायालयातील ज्यूरीने दिवाणी दाव्यात लैंगिक अत्याचाराबद्दल त्याला जबाबदार धरले. त्याचे नाव आजही सर्वदूर आहे, मात्र मायदेशातली त्याची प्रतिमा पार बदलली आहे.

खेळाच्या कसोटीवर बॉक्सर केटी टेलर दोघांच्याही वर ठेवावी लागेल. २००६ ते २०१४ मध्ये तिने सलग पाच जागतिक हौशी विजेतेपदे मिळवली. महिला बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आले ते लंडन २०१२ ला. तिथे तिने ६० किलो गटाचे सुवर्ण घेतले आणि ५१ किलोत मेरी कोमने भारतासाठी कांस्य. २०२२ मध्ये टेलर आणि अमांडा सेरानो यांची लढत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुख्य लढत म्हणून झाली. तिथे महिलांना हा मान प्रथमच मिळत होता.

बेस्टने १९६८ मध्ये मँचेस्टर युनायटेडबरोबर युरोपियन कप आणि त्याच वर्षी बॅलन डी'ओर हा युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार जिंकला, पण विश्वचषकाची मुख्य फेरी त्याला कधी लाभली नाही. सायकलपटू स्टीफन रोशने १९८७ या एकाच वर्षात इटलीची जिरो शर्यत, टूर द फ्रान्स आणि जागतिक विजेतेपद पटकावले. त्याआधी हे फक्त बेल्जियमच्या एडी मर्क्सला जमले होते. टूरमध्ये आल्प्समधल्या ला प्लान्यच्या चढावर प्रतिस्पर्ध्याला गाठताना रोश इतका दमला, की रेषा ओलांडताच कोसळला आणि त्याला ऑक्सिजन लावावा लागला. घोड्यांच्या जगात रेचल ब्लॅकमोर २०२१ मध्ये ग्रँड नॅशनल ही इंग्लंडमधली प्रसिद्ध अडथळ्यांची घोडशर्यत जिंकणारी पहिली महिला जॉकी ठरली.

भारतात आयरिश चेहरा म्हणजे क्रिकेटपटू. २ मार्च २०११ रोजी बंगळुरूत इंग्लंडच्या ३२७ धावांचा पाठलाग करताना आयर्लंड ५ बाद १११ वर होते. तिथून केविन ओब्रायनने ६३ चेंडूंत ११३ धावा कुटून सामना जिंकून दिला. डब्लिनचा ऑयन मॉर्गन मात्र इंग्लंडकडे गेला आणि २०१९ चा विश्वचषक कर्णधार म्हणून त्याने तिकडेच उंचावला.

या सगळ्यांहून घरात जास्त पुजले जाणारे काही खेळाडू बेटाबाहेर कोणाला माहीत नाहीत. हर्लिंग हा अॅश लाकडाच्या काठीने खेळायचा वेगवान खेळ. त्यात किलकेनी परगण्याच्या हेन्री शेफलिनने दहा अखिल-आयर्लंड पदके मिळवली. अंतिम सामना डब्लिनच्या क्रोक पार्कवर, ८२ हजारांवर प्रेक्षकांपुढे होतो. खेळाडूंना त्याचे मानधन मिळत नाही, कारण हा खेळ आजही हौशी आहे.