धुळ्याच्या गल्ल्या

धुळे शहरात पांझरा नदीच्या दक्षिणेला जुन्या पेठेत ज्या सरळ, एकमेकींना समांतर गल्ल्या आहेत त्यांना चक्क नंबर आहेत. पत्ता सांगताना ‘गल्ली नंबर चार’, ‘गल्ली नंबर पाच’ एवढं पुरतं. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन ब्रिग्जने धुळं हे मुख्य ठाणं केलं आणि 1819 पासून व्यापारी-कारागिरांना जागा देऊन पेठ वसवायला घेतली. जुनं धुळं आणि मोगलाई हे भाग आपापले वाढले, ही पेठ मात्र पट्टीने आखल्यासारखी.

घरं बहुतेक धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची. जाड मातीच्या भिंती, लाकडी खांब, तुळया, वर माती. दर पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकायची, आळस केला की घरभर पातेली मांडत फिरायचं. पण उन्हाळ्यात आत गारवा असायचा आणि रात्री अख्खी गल्ली धाब्यावर झोपायला, धाबी एकमेकांना लागून, त्यामुळे शेजारी जायला जिना उतरायचीही गरज नसायची. खरी सोसायटी तीच होती, रजिस्ट्रेशन नसलेली!

मग स्लॅब आला, गळती गेली आणि उकाडा आला. मे महिन्यात पारा 42-43 च्या वर जातो तिथे स्लॅबखाली कूलरशिवाय निभत नाही, आणि कूलर लागला म्हणजे खिडक्या-दारं लावून घेतली, गप्पा संपल्या. भावाभावांत वाटण्या झाल्या, रस्त्याकडचा ओटा फोडून शटर बसलं, मागच्या खोल्यांत गोडाऊन झालं. जुने भाडेकरू जुन्याच भाड्यावर, त्यामुळे डागडुजी कोणी करायची यावर भांडणं, तोवर भिंत खचते. ज्यांना जमलं त्यांनी नदीपलीकडे देवपुरात, वाडीभोकर रोडला नाहीतर साक्री रोडला प्लॉट घेतले. 2003 मध्ये महानगरपालिका झाली, पण लोक त्याच्या कितीतरी आधीपासून बाहेर पडत होते.

श्रावणात कानबाई, म्हणजे खानदेशातली घरोघरची देवी, बसते तेव्हा मात्र भाऊबंद एकत्र येतात. पुणे, नाशिक, सुरतेहून माणसं येतात, तिच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात, बाहेरच्याला देत नाहीत. पूर्वी एकाच वाड्यात सगळं उरकायचं, आता कानबाई कोणाच्या घरी बसवायची यावर आधी फोनाफोनी होते, कारण टू बीएचकेच्या हॉलमध्ये चाळीस माणसं मावत नाहीत, शेवटी कोणाच्या तरी गच्चीवर मंडप टाकतात.