ऑनलाइन माहितीशोध व ग्रंथपाल (गोवा)

संगणकीय जाळ्यावरील माहितीसाठ्यांतून वाचकाला हवा तो मजकूर काढून देणे, किंवा तो स्वतः काढता यावा यासाठी त्याला वाट दाखवणे, हे ग्रंथपालाचे काम. ग्रंथालयशास्त्रात त्याचा समावेश संदर्भसेवेत होतो.

या कामाचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. काही लेखक तो अमेरिकेतील वैद्यकीय ग्रंथालयाच्या मेडलार्स यंत्रणेपर्यंत (१९६४) मागे नेतात. मात्र मेडलार्समध्ये प्रश्नांचे गठ्ठे करून ते संगणकाला दिले जात आणि छापील उत्तर बऱ्याच दिवसांनी हाती येई. शोध चालू असताना प्रश्न बदलण्याची सोय नव्हती. ती मेडलाइन (१९७१) आणि लॉकहीड कंपनीची डायलॉग (व्यापारी स्वरूपात १९७२) या सेवांनी दिली. त्यामुळे सत्तरीच्या दशकाचा प्रारंभ हीच मर्यादा अधिक सयुक्तिक दिसते. या सेवांचे शुल्क जोडणीच्या मिनिटांवर ठरे, आज्ञावली किचकट असे, म्हणून यंत्रासमोर ग्रंथपालच बसे. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांनी शब्द जोडून शोधसूत्र आधी कागदावर तयार करणे आणि मगच जोडणी घेणे, अशी तेव्हाची पद्धत होती. नव्वदीच्या दशकात सीडी-रॉम आणि त्यामागून वेब आले, तसे यंत्र वाचकाच्या हाती गेले. त्याबरोबर मध्यस्थ संपला असे मत तेव्हा बरेच मांडले गेले. ते एकांगी होते. संपले ते कळफलक चालवण्याचे काम.

प्रश्न उकलण्याचे काम राहिले. वाचक विचारतो तो प्रश्न मूळ गरजेचा नसून, यंत्रणेला काय झेपेल याचा अंदाज घेऊन केलेली तडजोड असते, असे अमेरिकन ग्रंथालयशास्त्रज्ञ रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये मांडले. गोव्यात याचा पडताळा चटकन येतो. ‘पोर्तुगीज काळातील जमिनीचे कायदे’ मागणाऱ्याला बहुधा आपल्या गावच्या कोमुनिदादीतला (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) एखादा तुकडा कोणत्या अटीवर दिला गेला, एवढेच हवे असते. त्याला १९६१ ची कोमुनिदाद संहिता दाखवावी की जुनी राजपत्रे, हे दोन-चार प्रश्न विचारल्याशिवाय ठरत नाही.

गोव्यातील खरी अडचण लेखनभेदाची आहे. पोर्तुगीज लेखनाची सुधारणा १९११ मध्ये झाली. तीत बहुतेक दुहेरी व्यंजने आणि ‘पीएच’, ‘टीएच’ यांसारख्या जोड्या गेल्या. फिलिप नेरी शाव्हियेर यांच्या कोमुनिदादींवरील १८५२ च्या ग्रंथाच्या नावात ‘कोमुनिदाद’ या शब्दात ‘एम’ दोनदा आहे. नव्या लेखनाने शब्द जसाच्या तसा शोधणाऱ्याला तो ग्रंथ सापडेलच असे नाही, आणि प्रकाशनस्थळ ‘पणजी’ टाकले तर नाहीच, कारण तेथे पणजीचे तेव्हाचे नाव ‘नोव्हा गोवा’ छापले आहे. मराठीतही हाच प्रकार. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, म्हणून जुन्या मजकुरातले ‘नांव’, ‘कांहीं’ आजच्या शब्दांशी जुळत नाहीत. युनिकोड या समान अक्षरसंकेताआधीच्या फाँटांत जुळवलेला मजकूर तर पडद्यावर मराठी दिसतो, पण शोधयंत्राला ती निरर्थक रोमन अक्षरे वाटतात. कोकणी रोमी व देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत असल्याने एकाच विषयासाठी चार-पाच शोधसूत्रे करावी लागतात. ती कोणती, हे तालिकाकाराचे (ग्रंथांची सूची करणाऱ्याचे) ज्ञान सांगते. तालिकेत एका अधिकृत नावाखाली सर्व पर्यायी नावे बांधण्याची जुनी शिस्त येथे कामी येते. शोधयंत्रे अलीकडे पर्याय सुचवतात, पण गोव्याच्या नावांत ती अजून चाचपडतात.

पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय हे स्वतःच याचे उदाहरण ठरावे. व्हाइसरॉय मानुएल द पोर्तुगाल इ कास्त्रु यांच्या कारकिर्दीत ते १८३२ मध्ये स्थापन झाले. १८३४ मध्ये पोर्तुगालने धार्मिक संघ बरखास्त केल्यावर येथील मठांचे ग्रंथ त्यात आले. ते भारतातील सर्वांत जुने सार्वजनिक ग्रंथालय असल्याचे म्हटले जाते. तंजावरचा सरस्वती महाल किंवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा संग्रह याहून जुना असला, तरी पहिला राजघराण्याचा आणि दुसरा सभासदांचा होता. ‘सार्वजनिक’ या शब्दावर भर दिल्यास दावा टिकतो. या संस्थेचे नाव पोर्तुगीज अमदानीत अनेकदा बदलले. वास्को द गामा संस्थेशीही ते काही काळ जोडलेले होते. सध्या ते सोळाव्या शतकातील लेखक कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखले जाते व पाटो येथील संस्कृती भवनात आहे. संदर्भसूचीत ते कोणत्या नावाने आले आहे, हे त्या सूचीच्या वर्षावर अवलंबून असते.

गोवा विद्यापीठ (१९८५) व दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (१९६६) यांची स्वतःची डिजिटल भांडारे आहेत. तेथे लेखांच्या नोंदी व विषयशब्द नीट ठेवले, तर बाहेरच्या शोधयंत्रालाही लेख सापडतो. म्हणजे ग्रंथपाल शोधाआधीच शोधाला हात लावतो. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांचा संग्रह विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. सार्वजनिक ग्रंथालयांना १९९३ च्या कायद्याचा आधार आहे. गावोगावच्या वाचनालयांत मात्र ऑनलाइन मदत म्हणजे बहुतांशी परीक्षांचे अर्ज आणि निकाल.

पुराभिलेखागारातील मोडी व गोयकानडी (गोव्यातील एक जुनी लिपी) कागद शब्दशोधाच्या बाहेर आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचायचे तर गाव, साल आणि दप्तराचा प्रकार सांगून सूची पाहावी लागते, व सूचीतल्या नोंदी बहुधा पोर्तुगीजमध्ये असतात.