बक क्लेटन आणि हॅरी एडिसन: म्यूटवरून ओळखायला जाऊ नका

जॅझ गायिका बिली हॉलिडेच्या आवाजामागे म्यूट (सूर बदलण्यासाठी ट्रम्पेटच्या तोंडात बसवायचं झाकण) लावलेला ट्रम्पेट वाजला, की लोक ‘हॅरी एडिसन’ म्हणून मोकळे होतात. १९३७च्या रेकॉर्डबद्दलसुद्धा! हा बक क्लेटनवर सरळसरळ अन्याय आहे. दोघंही ट्रम्पेटवादक, काउंट बेसीच्या जॅझ बँडमधले, दोघांनी बिलीला साथ केलेली, दोघांच्या हातात म्यूट. त्यामुळे गोंधळ होतो, हे मान्य. पण वाजवण्याची धाटणी इतकी निराळी आहे की एकदा कानात बसली की गल्लत होण्याचं कारण उरत नाही.

चरित्राचं आधी उरकून टाकू. क्लेटन कॅन्ससमधल्या पार्सन्सचा, जन्म १९११चा. १९३६मध्ये तो बेसीकडे आला आणि १९४३मध्ये लष्करात जाईपर्यंत राहिला. त्याआधी शांघायच्या कॅनिड्रोम या नृत्यगृहात त्याचा बँड वाजत असे. त्याला तिथे नेणारा पियानोवादक टेडी वेदरफर्ड पुढे मुंबईच्या ताजमध्ये वाजवू लागला. एडिसन ओहायोतल्या कोलंबसचा, जन्म १९१५चा. बेसीकडे तो क्लेटननंतर आला आणि १९५०पर्यंत टिकला. ‘स्वीट्स’ या टोपणनावाने ओळखला जाणारा तो हाच.

आता म्यूट. क्लेटन म्हणजे कप म्यूट आणि एडिसन म्हणजे हार्मन, अशी सोपी खूण सांगितली जाते. कपाने सूर मऊ आणि गोलसर होतो. धातूच्या हार्मनमधली नळी काढून घेतली की तो बारीक, झणझणीत होतो. १९५०च्या दशकातल्या एडिसनला ही खूण लागू पडते. पण दोघंही म्यूटशिवाय भरपूर वाजवत, आणि मग ही खूण कुचकामी ठरते.

खरा फरक वाक्य कसं बांधलंय त्यात आहे. क्लेटन चाल रचतो. १९३७च्या जानेवारीत पियानोवादक टेडी विल्सनच्या नावावर बिलीची जी रेकॉर्डिंग झाली, त्यात सॅक्सोफोनवर लेस्टर यंग आणि क्लॅरिनेटवर बेनी गुडमन यांच्यासोबत क्लेटन आहे. त्या वर्षभरातली त्याची साथ लक्ष देऊन ऐका. बिलीची ओळ संपते तिथून तो हळूच उचलतो, दोन-चार सुरांत वर चढतो, वळण घेतो आणि तिची पुढची ओळ यायच्या आत खाली उतरून बाजूला होतो. तेवढाच तुकडा वेगळा काढला तरी तो गुणगुणता येतो. सूर किंचित थरथरतो, पण कुठेही रेटत नाही.

एडिसनला चालीची घाई नसते. तो एक सूर धरतो आणि तोच पुन्हा पुन्हा वाजवतो. कधी ठोक्याच्या जरा मागे, कधी नेमका ठोक्यावर. मध्येच एखादा सूर अर्ध्या पट्टीने खालून ओढत वर आणतो आणि परत त्याच जागी येऊन बसतो. सगळी गंमत वेळेची आहे. कागदावर लिहिलं तर त्यात काहीच दिसणार नाही, आणि म्हणूनच ‘एडिसनकडे कल्पनाच नाहीत’ असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्याच्या एका सुरावर अख्खा बँड डोलायला लागतो. ‘साँग्ज फॉर डिस्टँगे लव्हर्स’ या बिलीच्या १९५७च्या रेकॉर्डिंगमध्ये हे स्वच्छ ऐकू येतं.

वर्ष पाहून अंदाज बांधायची सवय असेल, तर १९३९च्या डिसेंबरमधलं बिलीचं ‘द मॅन आय लव्ह’ लावा. तिथे दोघंही हजर आहेत, त्यामुळे तारीख मदतीला येत नाही, कानांवरच भिस्त ठेवावी लागते.

गायिकेला साथ करायची असेल तर मला क्लेटनच हवा. बिलीला तिच्या चालीला चालीनेच उत्तर देणारा माणूस लागायचा. गायक फ्रँक सिनात्राची गोष्ट वेगळी. १९५६च्या ‘साँग्ज फॉर स्विंगिन लव्हर्स’मध्ये संगीत संयोजक नेल्सन रिडलचा वाद्यवृंद इतका भरगच्च आहे, की क्लेटनची नाजूक वळणं त्यात बुडून गेली असती. एडिसनचा हार्मनमधला एकच तीक्ष्ण सूर मात्र त्या सगळ्यातून आरपार जातो.