व्यापार सुधार क्षेत्र

व्यापार सुधार क्षेत्र : शहरातील बाजारपेठेचा ठरावीक पट्टा आखून तेथील व्यावसायिकांनी किंवा मालमत्ताधारकांनी स्वतःवर एक जादा कर बसवून घ्यायचा, पालिकेने तो वसूल करायचा आणि ती सगळी रक्कम त्याच पट्ट्यावर खर्च करण्यासाठी त्यांच्याच मंडळाकडे सोपवायची, अशी व्यवस्था. ती प्रथम कॅनडातील टोरांटो शहरात १९७० साली अस्तित्वात आली. आज ती अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स, दक्षिण आफ्रिका, जपान अशा अनेक देशांत आहे. ओसरती लागलेली जुनी पेठ सावरण्याचे साधन म्हणून तिचा वापर होतो.

या व्यवस्थेचे मर्म वर्गणीच्या उदाहरणावरून चटकन ध्यानात येते. पेठेत दिवाळीची रोषणाई करायची किंवा रात्रीचा राखणदार ठेवायचा, तर व्यापारी संघ पावतीपुस्तक घेऊन दुकानोदुकानी फिरतो. काही जण देतात, काही ‘उद्या या’ म्हणतात, काही देतच नाहीत. दिवे मात्र सगळ्यांच्या दारात लागतात. दोन-तीन वर्षांत नेमाने देणारेही कंटाळतात आणि उपक्रम बंद पडतो. अर्थशास्त्रात या फुकटेपणाच्या प्रश्नावर पुष्कळ लिहिले गेले आहे. व्यापार सुधार क्षेत्राने त्यावर काढलेला तोडगा साधा, पण कठोर आहे : बहुमताने एकदा ठरले की वर्गणीचा कर होतो आणि विरोधात मत देणाऱ्यालाही तो भरावा लागतो.

टोरांटोच्या पश्चिम भागातील ब्लोअर रस्त्यावर हे प्रथम घडले. या रस्त्यावरून पूर्वी ट्राम जात असे. खिडकीतून दुकाने पाहत जाणारा प्रवासी मनात आले की उतरून खरेदी करी. १९६६ मध्ये ब्लोअर–डॅनफोर्थ हा भुयारी रेल्वेमार्ग सुरू झाला आणि १९६८ मध्ये तो पश्चिमेकडे वाढवण्यात आला. ट्राम गेली, गिऱ्हाईक जमिनीखालून जाऊ लागले. त्याच दशकात शहराच्या कडेला मोटारी लावायला ऐसपैस जागा असलेली मोठी खरेदी संकुले उभी राहत होती. जेन आणि रनीमीड या रस्त्यांच्या दरम्यानच्या दुकानदारांची संघटना जुनी होती, पण ऐच्छिक वर्गणीवर या दोन्हींना तोंड देणे तिला जमेना. तेव्हा सर्वांकडून सक्तीने पैसे घेता येतील असा कायदाच करावा, अशी मागणी पुढे आली. ऑन्टॅरिओ प्रांताने तसा कायदा केला आणि १९७० मध्ये टोरांटो पालिकेच्या उपविधीने जगातले हे पहिले क्षेत्र स्थापन झाले. पहिले वार्षिक अंदाजपत्रक ४७,५०० डॉलरचे होते. त्यातून बाके, फुलझाडांच्या कुंड्या, नवे दिवे आणि सणासुदीची सजावट एवढेच झाले. वाचताना हे किरकोळ वाटते. पण मरगळलेल्या रस्त्यावर पहिली गरज असते ती येथे कोणाचे तरी लक्ष आहे हे दिसण्याची. टोरांटोत आता अशी ८० हून अधिक क्षेत्रे आहेत. त्यांच्या मंडळावरील नेमणुका आणि दरवर्षीचे अंदाजपत्रक नगर परिषदेच्या मंजुरीनेच होतात.

कौल कसा मोजायचा, यात देशोदेशी मोठा फरक आहे. ब्रिटनमध्ये (इंग्लंड व वेल्ससाठी २००३ च्या स्थानिक शासन कायद्यानुसार) प्रत्यक्ष मतदान होते आणि दुहेरी बहुमत लागते : मतदान करणाऱ्यांच्या संख्येत निम्म्याहून अधिक, तसेच त्यांच्या मालमत्तांच्या करपात्र मूल्यातही निम्म्याहून अधिक. त्यामुळे दोन-चार बडी दुकाने छोट्यांवर निर्णय लादू शकत नाहीत आणि छोटी दुकानेही नुसत्या संख्येच्या जोरावर बड्यांच्या खिशात हात घालू शकत नाहीत. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची असते. पुढे चालवायचे तर पुन्हा मतदान घ्यावे लागते. आकारणी साधारणपणे करपात्र मूल्याच्या १ ते २ टक्के असते. न्यूयॉर्कमध्ये उलट रीत आहे. तेथे मालमत्ताधारकांपैकी ५१ टक्क्यांनी, किंवा ५१ टक्के मूल्याच्या मालकांनी, लेखी हरकत घेतली तरच प्रस्ताव बारगळतो. गप्प बसणारा संमतीतच धरला जातो. हॅम्बुर्ग राज्यात २००५ मध्ये जर्मनीतला पहिला कायदा लागू झाला. त्यात १५ टक्के मालकांच्या पाठिंब्यावर अर्ज करता येतो आणि एक-तृतीयांशाहून अधिकांनी विरोध केल्यास तो फेटाळला जातो.

न्यूयॉर्कच्या मिडटाउन भागातील ब्रायंट पार्क हे या धर्तीच्या व्यवस्थापनाचे सर्वांत गाजलेले उदाहरण. सार्वजनिक ग्रंथालयामागचे हे उद्यान १९७० च्या दशकात अमली पदार्थांच्या विक्रीचा अड्डा बनले होते. १९८८ मध्ये ते बंद करून नव्याने आखण्यात आले आणि १९९२ मध्ये पुन्हा उघडले. आतले दृश्य अडवणारी झुडपे काढली, प्रवेशाच्या वाटा वाढवल्या आणि कोणालाही उचलून हव्या त्या जागी नेता येतील अशा सुट्या खुर्च्या ठेवल्या. आजूबाजूच्या कार्यालयांना त्यामुळे भाव आला.

त्याच शहरात या व्यवस्थेची दुसरी बाजूही उघडी पडली. ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या परिसरातील मंडळाने बेघरांना रोजगाराचे प्रशिक्षण म्हणून कामावर घेतले आणि तासाला एक-दीड डॉलर दिला. हे प्रशिक्षण नसून काम आहे, तेव्हा किमान वेतन द्यावे लागेल, असा निकाल १९९८ मध्ये न्यायाधीश सोनिया सोटोमायर यांनी दिला. पुढे त्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या. बेघरांना मारहाण करून हुसकावल्याचे आरोपही या मंडळाच्या माणसांवर झाले होते. रस्ता सार्वजनिक, पण त्यावर कोण बसेल हे कर भरणाऱ्यांचे मंडळ ठरवणार, हा या व्यवस्थेवरील मुख्य आक्षेप आहे आणि तो खोडून काढणे सोपे नाही. दुसरा आक्षेप विषमतेचा. टक्केवारी तीच असली तरी लंडनच्या ऑक्सफर्ड रस्त्यावर तिच्यातून जमणारी रक्कम आणि एखाद्या बंद खाणीच्या गावात जमणारी रक्कम यांची तुलनाच होत नाही. ज्या पेठेला आधाराची जास्त गरज, तिच्याच हाती कमी पैसा येतो.

या व्यवस्थेच्या मर्यादा ब्रिटनमध्ये प्रकर्षाने दिसल्या. वूलवर्थ्स ही घराघरात ठाऊक असलेली दुकानसाखळी जानेवारी २००९ पर्यंत बंद पडली आणि गावोगावच्या मुख्य रस्त्यांवरचे सुमारे ८०० मोठे गाळे ओस पडले. २०१६ मध्ये बीएचएस आणि २०२१ मध्ये डेबनहॅम्स या दुकानसाखळ्याही त्याच वाटेने गेल्या. त्यात करोनाकाळात ऑनलाइन खरेदीने किरकोळ विक्रीचा एक-तृतीयांशाहून अधिक हिस्सा काही महिने व्यापला. कुंड्या आणि दिव्यांनी हे खिंडार बुजण्यासारखे नव्हते. म्हणून सरकारला नियमच बदलावे लागले : सप्टेंबर २०२० पासून इंग्लंडमध्ये दुकान, उपाहारगृह, कार्यालय, दवाखाना, व्यायामशाळा हे वापर एकाच वर्गात आणले, म्हणजे बंद दुकानात दवाखाना काढायला वेगळी नियोजन परवानगी लागत नाही. डिसेंबर २०२४ पासून, दोन वर्षांत एक वर्षाहून अधिक काळ रिकामा राहिलेला गाळा भाड्यासाठी लिलावात काढण्याचा अधिकारही तेथील स्थानिक प्रशासनाला मिळाला. गाळा अडवून बसलेल्या मालकाला हलवण्याची ताकद व्यापार सुधार क्षेत्राकडे कधीच नव्हती.

महाराष्ट्रात असा कर बसवण्याची सोय नाही. जवळ जाणारे प्रयत्न स्वेच्छेचे आहेत. मुंबईत १९९८ मध्ये स्थापन झालेल्या काळा घोडा असोसिएशनने १९९९ पासून कला महोत्सव भरवून परिसराच्या जतनाला हातभार लावला. पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवते. वर्षातून एका दिवसाने पेठेची सवय बदलते असे मात्र नाही.

परदेशी नमुना येथे जसाच्या तसा उचलायचा तर दोन अडचणी आहेत. आपल्या पेठेचा निम्मा जीव रस्त्यावरच्या पथारीवर असतो. पथविक्रेता कायदा, २०१४ नुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात. मालमत्ता कराच्या पायावर उभ्या राहणाऱ्या मंडळात मात्र पथारीवाल्याला मतच उरत नाही. दुसरी अडचण पगडीची. अमेरिकेत हा कर मुख्यतः मालकावर बसतो, ब्रिटनमध्ये गाळा वापरणाऱ्यावर. मुंबई-पुण्याच्या जुन्या पेठांत पगडीच्या गाळ्याचे महिन्याचे भाडे नाममात्र असते, गाळ्याची खरी किंमत भाडेकरूच्या हाती असते आणि इमारत दुरुस्त करण्यात मालकाला फारसा रस नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने पगडीच्या देवघेवीला कायदेशीर मान्यता दिली आहे. अशा गाळ्याच्या वतीने मत कोणी द्यायचे आणि कर कोणी भरायचा, हे येथे कायदा करण्याआधीच ठरवावे लागेल.