एक्सपर्ट झाल्यावरच लेख लिहायचा, हे कोणी सांगितलं?

आपल्या फील्डमधल्या लोकांसाठी पाहुणा लेख (म्हणजे दुसऱ्याच्या ब्लॉगवर किंवा मासिकात एखादा लेख) लिही म्हटलं की नेहमीचं उत्तर येतं, "अजून दहा वर्षं काम करू दे, मग बघू." हा समज वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो चुकीचा आहे.

१९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्राच्या संशोधक एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला. काहींनी ओळखीच्या गाण्याची चाल टेबलावर बोटांनी वाजवायची आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी गाणी तरी ओळखतील, प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली! कारण वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, समोरच्याला ऐकू येते नुसती टकटक. मुरलेल्या माणसाच्या लेखात नेमकं हेच होतं बघा, मधल्या दोन पायऱ्या त्याला इतक्या सवयीच्या झालेल्या असतात की त्या लिहायच्या असतात हेच त्याला सुचत नाही, आणि वाचणारा तिथेच अडकतो.

तुम्ही तीच गोष्ट मागच्या महिन्यात शिकलात ना? मग कुठे अडलात, कोणता एरर आला, काय करून सुटला, हे सगळं तुम्हाला अजून ताजं आठवतंय.

अनुभव लागत नाही असं अजिबात नाही हं. कुठली पद्धत चांगली असा निवाडा द्यायचा असेल तर अनुभव हवाच, पण "मी हे असं केलं, हे चाललं, हे नाही चाललं" एवढं लिहायला एक पूर्ण केलेलं काम पुरतं, फक्त ते एकाच कामावरून लिहिलंय हे वर स्पष्ट सांगा आणि छापायच्या आधी एखाद्या सीनियरला दाखवून घ्या.