मूलपेशीजन्य पुटिका व चेतापेशींचे रक्षण

मूलपेशींनी (स्टेम सेल) भोवतालच्या द्रवात सोडलेल्या, मेदद्विस्तराचे (मेदरेणूंच्या दुहेरी थराचे) आवरण असलेल्या सूक्ष्म पुटिका. इजा झालेल्या चेतापेशींचा ऱ्हास त्यांमुळे मंदावतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे.

‘एक्झोसोम’ हे रूढ नाव वादाचे आहे. १९८१ मध्ये ट्रॅम्स व सहकाऱ्यांनी ते पेशीपटलापासून सुटणाऱ्या पुटिकांना दिले होते. १९८३ मध्ये सेंट लुईस व माँट्रिऑल येथील गटांना अपक्व तांबड्या पेशींत निराळाच मार्ग दिसला : पुटिका पेशीच्या आत, बहुपुटिकी पिंडात (अनेक लहान पुटिका असलेल्या पिशवीत) तयार होतात आणि तो पिंड पेशीपटलाला मिळाला की बाहेर पडतात. माँट्रिऑल गटातील रोझ जॉनस्टोन यांनी १९८७ मध्ये हे नाव या पुटिकांसाठी वापरले व हाच अर्थ पुढे टिकला. मात्र त्यांचा व्यास सुमारे ३० ते १५० नॅनोमीटर असतो आणि पेशीपटलापासून सुटलेल्या पुटिकाही तेवढ्याच लहान असू शकतात. एकदा बाहेर पडल्यावर आकारावरून उगम ठरत नाही; म्हणून ‘पेशीबाह्य पुटिका’ हेच नाव अधिक सुरक्षित.

रक्षणाचा चांगला पुरावा दृष्टिचेतेचा आहे. उंदरांमध्ये ही चेता चिमटली की दृष्टिपटलातील गुच्छिका पेशी (ज्यांच्या तंतूंची ही चेता बनते) मरू लागतात. अस्थिमज्जेतील मूलपेशींच्या पुटिका डोळ्यात टोचल्यावर त्यांतील अधिक पेशी जगल्या. तंतुजनक पेशींच्या (संयोजी ऊतकातील साध्या पेशींच्या) पुटिकांनी तसे झाले नाही (२०१७). मूलपेशींतील आर्गोनॉट-२ हे सूक्ष्म-आरएनएला (जनुकांचे कार्य नियंत्रित करणाऱ्या लहान आरएनए रेणूंना) बांधणारे प्रथिन घटवले, तेव्हा परिणामही ओसरला. त्यामुळे श्रेय मुख्यतः पुटिकांतील सूक्ष्म-आरएनएकडे जाते.

पुटिका मिळवताना संवर्धनद्रव (ज्यात मूलपेशी वाढवल्या तो द्रव) ४° से. तापमानाला क्रमाने ३००, २,०००, १०,००० व १,००,००० पट गुरुत्वबलाने फिरवतात. शेवटचा फेरा सुमारे ७० मिनिटांचा. तळाचा साका बहुधा डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून तो जिथे बसणार ती नळीची बाजू आधीच पेनाने खुणावतात. नाहीतर वरचा द्रव ओतताना तोही जातो. संवर्धनद्रवात घातल्या जाणाऱ्या वासराच्या रक्तरसात (सीरम) गाईच्या पुटिका असतात. त्या अगोदर काढल्या नाहीत, तर मोजणी व परिणाम दोन्ही फसवे ठरतात. पुटिकांचे आवरण रंगवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पीकेएच या चमकणाऱ्या रंगाचे स्वतःचेच कण बनतात व पेशींत शिरलेल्या पुटिकांसारखे चमकतात. पुटिकांविना केवळ रंग घातलेला नमुना सोबत ठेवावाच.

शिरेतून दिलेल्या पुटिका बहुतांशी यकृत व प्लीहेत अडकतात. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यतेविना विकल्या जाणाऱ्या एक्झोसोम उत्पादनांविरुद्ध जाहीर इशारा दिला.